विजेची स्कूटर आणि विक्रेत्याचे दायित्व
१९७२ साली आलेल्या ‘चेतक’साठी ग्राहक एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. आज तालुक्याच्या गावीही विजेच्या स्कूटरींचे दुकान उघडून विक्रेताच ग्राहकाची वाट पाहतो. हे स्थित्यंतर स्वागतार्हच होय. परंतु नारळ फोडला म्हणजे कर्तव्य संपत नाही. नोंदणी व परवान्यातून सूट आहे ती २५० वॅटपर्यंत शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीलाच. त्याहून वेगवान गाडी ‘परवाना नको’ असे सांगून खपविणे म्हणजे कारकुनाच्या कर्जाऊ पैशाशी आणि त्याच्या मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. बॅटरी हा या वाहनाचा सर्वांत महाग भाग. तिची हमी लेखी देणारा आणि जाणता कारागीर पदरी ठेवणारा दुकानदारच या धंद्यात टिकेल, आणि तोच टिकावा.