पानाच्या तळाची ओळ

बीदर जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ उघडून अगदी तळापर्यंत सरकवत नेले, की एक बारीक ओळ दिसते. मजकुराची मालकी जिल्हा प्रशासनाची, उभारणी आणि होस्टिंग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, आणि शेवटी संकेतस्थळ कधी अद्ययावत झाले ती तारीख. कलबुर्गीच्या संकेतस्थळावर अशीच ओळ आहे, सीमेपलीकडे लातूरच्या संकेतस्थळावरही आहे. वाचक सहसा तिथवर पोचत नाही. पण अनेक कचेऱ्यांची पाने एकाच सर्व्हरवर कशी नांदतात, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या ओळीपासूनच करायला हवी, कारण तिच्यात दोन धनी आहेत. जागेचा धनी वेगळा, मजकुराचा वेगळा. हवी ती माहिती मिळाली नाही की आपण 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की जागेची बाजू गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारली आहे. घोडे अडते ते मजकुराच्या धन्यापाशी, आणि सीमाभागात हे अडणे थेट भाषेच्या प्रश्नाला जाऊन भिडते.

एनआयसीची स्थापना 1976 ची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहाच्या आधाराने तिचे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले, आणि इंटरनेट आल्यावर जिल्ह्यांची पाने तिच्याच सर्व्हरवर ठेवली जाऊ लागली. तेव्हाची रीत साधी होती. पानाची फाईल आपल्या संगणकावर तयार करायची आणि सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये चढवायची. सामायिक सर्व्हर म्हणजे अनेक बिऱ्हाडांचा वाडा. दार एकच, खोल्या निरनिराळ्या. प्रत्येक फाईलला परवानग्या असतात. वाचायची मुभा सगळ्यांना, लिहायची फक्त खोलीच्या मालकाला. एवढे एक पथ्य चुकले तर शेजारच्या बिऱ्हाडालाही धोका. फाईलच्या नावातले एखादे इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत आणि दुव्यात लहान लिपीत पडले, तर घरच्या संगणकावर नीट उघडणारे पान सर्व्हरवर सापडत नाही, कारण विंडोज हा फरक मानत नाही आणि सर्व्हरवरचे लिनक्स मानते. शिवाय अक्षरांचे दुखणे वेगळेच. युनिकोड रुळण्याआधी कन्नड मजकूर 'नुडी'सारख्या आणि मराठी मजकूर 'श्री-लिपी' किंवा 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये टाइप होई. तो फाँट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसे. त्या काळात जिल्ह्याचे पान मराठीत करणे खरोखरच अवघड होते, हे मान्य केले पाहिजे.

पुढे एनआयसीने 'एस-थ्री-वास' ही व्यवस्था आणली आणि चित्र बदलले. नावातले तीन 'एस' म्हणजे सुरक्षित, हवे तेवढे वाढवता येणारे आणि सुगम्य. हा तिसरा शब्द इंग्रजी नावातही 'सुगम्य' असाच ठेवला आहे. आता जिल्ह्याला पान विणावे लागत नाही. साचा तयार मिळतो, कर्मचारी पासवर्ड टाकून आत जातो, मजकूर भरतो आणि प्रकाशित करतो. एखाद्या जिल्ह्याच्या निविदेची पीडीएफ उघडून वरचा पत्ता वाचला तर ही रचना डोळ्यांनी दिसते. आधी सर्वांचे सामायिक भांडार, मग त्या जिल्ह्यापुरती अक्षरे आणि आकड्यांची लांबच लांब माळ, मग अपलोडचा कप्पा, त्यात वर्ष, त्यात महिना आणि शेवटी फाईल. बीदरची फाईल आणि लातूरची फाईल एकाच भांडारात शेजारी शेजारी राहतात, फक्त माळ वेगळी. सुरक्षेतली फट सापडली तर ती एकदाच बुजवायची, सगळ्या जिल्ह्यांची बुजते. ज्या जिल्ह्याला स्वतंत्र प्रोग्रॅमर पोसणे परवडणार नाही, त्याच्यासाठी हा मोठाच आधार आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की सगळी संकेतस्थळे एकाच तोंडवळ्याची झाली; बीदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा यांच्या जागी दुसऱ्या जिल्ह्याची छायाचित्रे टाकली तरी फरक कळणार नाही. आक्षेप खरा आहे, पण फारसा वजनदार नाही. तहसील कचेरीचा अर्ज शोधणाऱ्याला नावीन्य नको असते, गेल्या वेळी बटण जिथे होते तिथेच ते सापडायला हवे असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळे एका ठिकाणी ठेवले तर एका बिघाडात सगळेच बंद पडेल. ही जोखीम आहेच. मात्र एनआयसीची राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, हैदराबाद, पुणे आणि भुवनेश्वर अशी विखुरलेली आहेत, आणि जिल्हा कचेरीच्या कोपऱ्यात वीज गेली की विझणारा एकटा संगणक हा काही त्याहून सुरक्षित पर्याय नव्हे.

तेव्हा जागेची काळजी मिटली. उरली राखणदारी. 1 नोव्हेंबर 2014 ला गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. पाटी बदलायला एक दिवस पुरतो, पण संकेतस्थळाच्या पत्त्यातच जिल्ह्याचे नाव असते. नवा पत्ता घेतला की जुन्या पत्त्यावरून येणाऱ्याला नव्या दारापर्यंत पोचवावे लागते, नाहीतर जुन्या पत्रांतले, पुस्तकांतले, इतर कचेऱ्यांच्या पानांवरचे दुवे तुटतात. बीदर जिल्ह्यात पुढे हुलसूर, चिटगुप्पा आणि कमलनगर हे नवे तालुके झाले. ते जिथे जिथे यादीत यायला हवेत, ती प्रत्येक जागा कोणीतरी हाताने शोधायची असते. हे काम यंत्र करत नाही. केंद्र सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक सूचना 2009 मध्ये निघाल्या, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 ची. प्रत्येक संकेतस्थळाला मजकुराची जबाबदारी घेणारा एक माहिती व्यवस्थापक असावा, असे त्या सांगतात. कागदावर तो असतोही, पण बहुधा आधीच चार कामे अंगावर असलेला कोणीतरी असतो, आणि त्याची बदली झाली की पासवर्डाबरोबर कामाची समजही जाते. मग सोपा मार्ग निघतो. छापील सूचनेवर सही-शिक्का मारायचा, ती स्कॅन करायची आणि चित्र म्हणून चढवायची. अशा पीडीएफमध्ये शब्द नसतात, शब्दांचा फोटो असतो. शोध घेतला तर ती सापडत नाही, अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, आणि भाषांतराच्या बटणालाही तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही.

इथे मराठीचा मुद्दा येतो. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि पुढे लातूर जिल्ह्यात आले. भालकी, औराद, बसवकल्याण कन्नड राज्यात गेले, पण तिथली मराठी घरे मराठीच राहिली, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्येही तसेच. आज लातूरचे संकेतस्थळ मराठीत आहे, बीदरचे कन्नड आणि इंग्रजीत, आणि दोन्ही एकाच व्यवस्थेवर चालतात. म्हणजे ज्या साच्यातून बीदरची सूचना निघते, तो साचा मराठी जाणतो. तांत्रिक सबब राहिलेली नाही.

मराठी पानामुळे सीमावादाला खतपाणी मिळेल, असे काहींना वाटेल. पण कर्नाटक सरकार आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांसाठी स्वतःच मराठी पाठ्यपुस्तके छापते, आणि त्याने सीमा इंचभरही सरकलेली नाही. मुलाचे पुस्तक मराठीत चालते, तर बापाला लागणारी अनुदानाची सूचना मराठीत का चालू नये? माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4(4) मध्ये माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे स्पष्ट म्हटले आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा अधिक आहेत, तिच्यात महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. हाच न्याय अक्कलकोट आणि जतच्या कन्नड भाषकांना महाराष्ट्राने द्यायला हवा, हे मी तितक्याच आग्रहाने म्हणतो.

आता यंत्राच्या भाषांतरावर भागेल, असा शेवटचा आक्षेप. पण सीमा ओलांडली की कारभारातले शब्द बदलतात. लातूरच्या शेतकऱ्याचा सातबारा तो बीदरच्या शेतकऱ्याची पहाणी. कर्नाटकाच्या 'भूमी' योजनेने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, त्याही पहाणी याच नावाने ओळखल्या जातात. औरादचा मराठी माणूस 'पहाणी काढली' असेच म्हणतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांना 'डीसी साहेब'. यंत्र त्याच्यासमोर पुण्याची मराठी ठेवील किंवा शब्दाचा धात्वर्थ देईल. लातूरचे पान जसेच्या तसे उचलूनही चालणार नाही. हे काम सीमाभागातल्या, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाचे आहे, आणि अशी माणसे तिथल्या शाळांत आणि महाविद्यालयांत भरपूर आहेत.

भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंदच्या वाचकांनी आपल्या जिल्ह्याचे संकेतस्थळ एकदा तळापर्यंत पाहावे. तारीख जुनी दिसली, सूचना नुसत्या स्कॅन केलेल्या दिसल्या, तर सर्व्हरला दोष न देता मजकुराच्या धन्याला, म्हणजे जिल्हा प्रशासनाला, पत्र लिहावे. त्यात कलम 4(4) चा उल्लेख करावा, सूचना टाइप केलेल्या आणि मराठीतही मागाव्यात, आणि भाषांतर तपासून द्यायची तयारी असेल तर तेही लिहावे.