हटता न हटणाऱ्या फाइली

संगणकावरील एखादी फाइल डिलीट करण्याचा आदेश नाकारला गेला की यंत्र बिघडले किंवा व्हायरस शिरला, असा तर्क सर्रास केला जातो. वस्तुतः तो नकार बहुधा नियमानुसारच आलेला असतो. विंडोजमध्ये त्याची मुख्य कारणे दोन आहेत. फाइल त्या क्षणी एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते, किंवा ती काढून टाकण्याचा अधिकारच वापरकर्त्याच्या खात्याला नसतो. या दोहोंवरचे उपाय सर्वस्वी भिन्न असल्यामुळे पडद्यावरचा संदेश न वाचताच ‘ओके’ दाबण्याची सवय येथे नडते.

पहिले कारण तुलनेने सोपे आहे. विंडोजमध्ये फाइल उघडणारा प्रोग्रॅम, ती उघडी असताना इतरांना वाचू, बदलू अथवा काढू द्यायची की नाही, हे उघडतानाच ठरवतो. काढण्यास त्याची ना असेल तर तो ती सोडेपर्यंत डिलीटचा आदेश चालत नाही. अडवणारा प्रोग्रॅम दरवेळी डोळ्यांसमोर असतोच असे नाही. फाइल एक्स्प्लोररची प्रिव्ह्यूची चौकट, अँटिव्हायरस किंवा क्लाउडशी फाइली जुळवून घेणारी सेवाही ती धरून बसू शकते. विंडोजसोबतच येणाऱ्या रिसोर्स मॉनिटरमधील ‘सीपीयू’ या भागात ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलचे नाव टाकले की धरणाऱ्याचा पत्ता लागतो. लिनक्सची रीत वेगळी आहे: तेथे उघड्या फाइलचे नाव तत्काळ हटते, परंतु तिने व्यापलेली जागा शेवटचा प्रोग्रॅम ती बंद करेपर्यंत मोकळी होत नाही, आणि म्हणूनच मोठी लॉग फाइल हटवूनही सर्व्हरची डिस्क भरलेलीच दिसते.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला परवानग्यांची एक यादी जोडलेली असते, आणि सातबाऱ्यावर मालकाखेरीज इतर हक्कांचीही नोंद असावी त्याप्रमाणे मालक कोण आणि कोणाला काय करता येईल, या दोन बाबी स्वतंत्रपणे नोंदलेल्या असतात. मालक असल्याने फाइल वाचता येतेच असे नाही. मालकाला परवानग्यांची यादी बदलता येते, एवढाच त्याचा खरा हक्क. या नोंदी खात्याच्या नावाने नव्हे, तर ‘एसआयडी’ या दीर्घ ओळखक्रमांकाने होतात. म्हणूनच जुन्या संगणकाची हार्डडिस्क नव्याला जोडली असता, दोन्हीकडे खात्याचे नाव एकच असले तरी स्वतःच्याच छायाचित्रांचे फोल्डर उघडत नाही आणि ‘सिक्युरिटी’ या पानावर नावाऐवजी ‘एस-1-5-21’ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसते. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन प्रथम मालक बदलणे आणि त्यानंतर नव्या खात्याला परवानगी देणे, हा तेथील योग्य क्रम होय, केवळ पहिली पायरी करून थांबणारे अनेक असतात. फाइल मात्र ईएफएस पद्धतीने सांकेतिक केलेली असेल तर जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय मालकीचा काही उपयोग होत नाही.

मराठी नावांच्या फाइलींना आणखी एक अडचण येते. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या संपूर्ण पत्त्याला परंपरेने 260 चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार अक्षरांची दिसली तरी तिची मोजणी 11 भरते. फोल्डरात फोल्डर रचत गेल्यास ही मर्यादा ओलांडली जाऊन फाइल ना उघडते ना हटते. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावे लहान करणे पुरते.

इंटरनेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र घातक आहे: ‘टेकओन’ ही आज्ञा वापरून संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी घ्यावी आणि ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार द्यावेत. विंडोज व्हिस्टापासून कार्यप्रणालीच्या बहुतेक मूळ फाइलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटरकडे नसून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या सेवेकडे असते, आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालणाऱ्या घातक प्रोग्रॅमला त्या सहज बदलता येऊ नयेत, हाच त्यामागील हेतू आहे. मालकी घ्यायची ती स्वतःच्या माहितीच्या फोल्डरची, तीही ‘आयसीएसीएलएस’ या आज्ञेने आधीच्या परवानग्या जतन करून. अशी नोंद न ठेवता संपूर्ण सी ड्राइव्हच्या परवानग्या बदलल्या, तर पुढे बहुधा विंडोज नव्याने बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.