टार्गेट स्प्रिंट : कोल्हापूरच्या मैदानासाठी एक प्रस्ताव

2010 साली म्युनिक येथे 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यविजेते, कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे कोल्हापूरला नेमबाजीची नवलाई उरलेली नाही. तथापि धावणे आणि एअर रायफल यांची सांगड घालणारा ‘टार्गेट स्प्रिंट’ हा प्रकार त्या मानाने कमी चर्चिला जातो. यात स्पर्धक 400 मीटर धावतो, 10 मीटरवरील पाच पडती लक्ष्ये, म्हणजे छर्रा लागताच कलंडणाऱ्या तबकड्या, उभ्याने टिपतो, पुन्हा धावतो, पुन्हा टिपतो आणि अखेरचे 400 मीटर पूर्ण करतो. धापा टाकत नेम धरणे हीच या खेळाची खरी गंमत.

स्थानिक आयोजनात सर्वाधिक विचार सुरक्षिततेचा करावा लागतो. रायफल घेऊन कोणी धावत नाही. ती नेमबाजीच्या जागीच ठेवलेली असते आणि प्रत्येक वेळी एकच छर्रा भरला जातो. लक्ष्यांमागे छर्रे अडवणारी भक्कम भिंत असावी, धावपट्टी त्या बाजूने मुळीच जाऊ नये, आणि गोळीबार सुरू वा बंद करण्याचा अधिकार एकाच रेंज अधिकाऱ्याकडे असावा. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नसला, तरी पोलिसांना आगाऊ कळवणे शहाणपणाचे. शालेय गटासाठी, आधुनिक पेंटॅथलॉनप्रमाणे, लेझर पिस्तुलाचा पर्याय आहेच. कोल्हापुरी पावसाळा टाळून हिवाळ्यातील सकाळ निवडावी.