विश्लेषण : हिटलरनंतर सत्ता कोणाकडे गेली? नाझी जर्मनीच्या अखेरच्या तीन आठवड्यांत काय घडले?

बर्लिनच्या बंकरमध्ये ३० एप्रिल १९४५ रोजी दुपारी अ‍ॅडॉल्फ हिटलरने आत्महत्या केली आणि नाझी राजवट संपली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यानंतरही तीन आठवडे जर्मनीत राष्ट्राध्यक्ष होता, मंत्रिमंडळ होते आणि बैठकाही होत होत्या. हे अध्यक्षपद मिळाले नौदलप्रमुख कार्ल डोनिट्झ यांना. आधी जाहीर झालेल्या वारसदारांत त्यांचे नाव नव्हते. मग आधी ठरलेल्या वारसदारांचे काय झाले?

मूळ वारसदार कोण होते?

युद्ध सुरू झाले त्या दिवशी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरने संसदेतील भाषणात आपला क्रम जाहीर केला होता. पहिला हर्मन गोअरिंग, दुसरा रुडॉल्फ हेस. मे १९४१ मध्ये हेस एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला गेला आणि ब्रिटिशांच्या कैदेत पडला. त्यानंतर २९ जून १९४१ च्या फर्मानाने गोअरिंगचा वारसा पुन्हा पक्का करण्यात आला.

मात्र या व्यवस्थेला हिटलरच्या इच्छेपलीकडे आधार नव्हता. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे निधन होताच हिटलरने राष्ट्राध्यक्ष आणि चान्सलर ही दोन्ही पदे एकत्र करून स्वतःकडे घेतली. संसदेची शेवटची बैठक एप्रिल १९४२ मध्ये झाली. वारस निवडणारी किंवा त्याला मान्यता देणारी एकही संस्था उरली नव्हती.

एका तारेमुळे गोअरिंगचे पद कसे गेले?

२२ एप्रिल १९४५ रोजी बंकरमधील बैठकीत हिटलरने युद्ध हरल्याची कबुली दिली आणि आपण बर्लिनमध्येच मरणार असे सांगितले. वाटाघाटीच करायच्या असतील तर गोअरिंग त्या अधिक चांगल्या करू शकेल, असेही तो बोलून गेला. हे दक्षिणेत ओबरझाल्झबर्गला असलेल्या गोअरिंगच्या कानावर गेले.

गोअरिंगने १९४१ चे फर्मान काढून कायदेशीर सल्ला घेतला आणि २३ एप्रिलला हिटलरला तार केली. रात्री दहापर्यंत उत्तर आले नाही, तर तुम्हाला निर्णयाचे स्वातंत्र्य उरलेले नाही असे समजून मी सूत्रे हाती घेतो, असा तिचा आशय होता. हिटलरचा सचिव मार्टिन बोरमन याने ही तार म्हणजे बंडच असल्याचे हिटलरच्या मनावर बिंबवले. त्यानंतर गोअरिंगची सर्व पदे काढून घेण्यात आली आणि एसएस दलाने त्याला नजरकैदेत टाकले. जिवंत नेत्याला त्याच्याच फर्मानाची आठवण करून देणे गोअरिंगला महागात पडले.

हिमलर शर्यतीतून कसा बाद झाला?

एसएसप्रमुख हाइनरिख हिमलर स्वीडिश रेडक्रॉसचे फोल्के बर्नाडोट यांच्यामार्फत पाश्चात्त्य राष्ट्रांशी परस्पर बोलणी करत होता. २८ एप्रिलला ही बातमी परदेशी रेडिओवरून फुटली आणि बंकरमध्ये पोहोचली. हिटलरने २९ एप्रिलच्या पहाटे लिहून घेतलेल्या राजकीय मृत्युपत्रात गोअरिंग आणि हिमलर या दोघांनाही पक्षातून काढून टाकले.

डोनिट्झ यांचीच निवड का झाली?

याच मृत्युपत्रात हिटलरने अकरा वर्षांपूर्वी एकत्र केलेली पदे पुन्हा वेगळी केली. डोनिट्झ राष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापती, जोसेफ गोबेल्स चान्सलर, बोरमन पक्षमंत्री अशी ही वाटणी होती. लष्करावरील हिटलरचा विश्वास उडाला होता. नौदल मात्र त्याच्या लेखी निष्ठावान होते. शिवाय देशाचे दोन तुकडे झाल्यास उत्तर भागाची सूत्रे डोनिट्झ यांनी सांभाळावीत, असे आधीच ठरले होते. ते बर्लिनबाहेर, प्ल्योन येथे होते.

हिटलरच्या मृत्यूची बातमी का दडवली गेली?

३० एप्रिलच्या संध्याकाळी बोरमनने डोनिट्झ यांना नियुक्तीची तार केली, पण हिटलर मरण पावल्याचे त्यात लिहिलेच नाही. तो जिवंत आहे असे समजून डोनिट्झ यांनी निष्ठेची ग्वाही देणारे उत्तर पाठवले. मृत्यूची स्पष्ट माहिती त्यांना १ मेच्या दुपारी मिळाली, तीही आत्महत्येच्या उल्लेखाशिवाय. त्या रात्री हॅम्बुर्ग रेडिओने हिटलर लढता लढता पडल्याचे देशाला सांगितले. एका दिवसाचा चान्सलर ठरलेल्या गोबेल्सने त्याच संध्याकाळी आत्महत्या केली होती.

नव्या अध्यक्षांच्या हातात काय होते?

डोनिट्झ यांचे सरकार डेन्मार्कच्या सीमेजवळील फ्लेन्सबुर्गला, नौदल अकादमीत हलले. युद्ध हरल्यात जमा होते. प्रश्न होता तो कोणाला आणि कधी शरण जायचे याचा. सोव्हिएत फौजांच्या तावडीतून जास्तीत जास्त सैनिक आणि निर्वासित पश्चिमेकडे काढण्यासाठी डोनिट्झ यांना वेळ हवा होता. त्यामुळे ४ मे रोजी फक्त वायव्य भागातील फौजांनी माँटगोमेरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पूर्वेकडे लढाई आणि मृत्यू सुरूच राहिले.

अशी तुकड्यातुकड्यांची शरणागती आयझेनहॉवर यांनी नाकारली आणि जर्मनांसाठी पश्चिम आघाडी बंद करण्याचा इशारा दिला. अखेर ७ मे रोजी पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी रेंस येथे जनरल योडल यांनी बिनशर्त शरणागतीवर सही केली. पुढच्या रात्री बर्लिनमध्ये फील्ड मार्शल कायटेल यांनीही सही केली.

मात्र नौदलाची शिस्त त्यानंतरही सुटली नाही. १० मे रोजी, म्हणजे युद्ध संपल्यावर, फ्लेन्सबुर्गजवळ एका जर्मन जहाजावर तीन नौसैनिकांना पळून गेल्याच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. जगात या सरकारला कोणी विचारत नव्हते. आपल्याच माणसांना मारण्याइतकी सत्ता मात्र यंत्रणेकडे शिल्लक होती.

सेनाधिकाऱ्यांच्या सह्यांना महत्त्व का?

१९१८ च्या शस्त्रसंधीवेळी जर्मन शिष्टमंडळाचे नेतृत्व माटियास एर्झबर्गर या मुलकी नेत्याकडे होते. पुढे सैन्य हरलेच नव्हते, राजकारण्यांनी पाठीत खंजीर खुपसला, असा प्रचार झाला. १९२१ मध्ये एर्झबर्गर यांची हत्या झाली. नाझींनी हाच प्रचार वापरून घेतला. १९४५ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्याच सह्या असल्याने ही पळवाट उरली नाही.

पुढे काय झाले?

२३ मे रोजी ब्रिटिश सैनिकांनी डोनिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक केली. त्याच दिवशी ब्रिटिशांच्या ताब्यातील हिमलरने विष घेतले. जर्मनीत कोणतेही केंद्रीय सरकार नाही, असे ५ जून रोजी चार विजेत्या राष्ट्रांनी जाहीर केले. न्यूरेंबर्ग खटल्यात डोनिट्झ यांना १० वर्षांची शिक्षा झाली.

अटकेनंतर बरोबर चार वर्षांनी, २३ मे १९४९ रोजी, पश्चिम जर्मनीची राज्यघटना जाहीर झाली. राष्ट्राध्यक्षपद मध्येच रिकामे झाले तर राज्यांच्या सभागृहाचा अध्यक्ष काम पाहील आणि ३० दिवसांत निवड सभेची बैठक होईल, असे त्यात लिहिले आहे. वारस नेमण्याचा अधिकार आता कोणत्याही एका व्यक्तीकडे नाही.