बर्लेस्क आणि तमाशा : विडंबनाची रंगभूमी व तिच्यातील प्रवेश

प्रस्तावना : ‘बर्लेस्क’ या संज्ञेचे मूळ ‘बुर्ला’ म्हणजे थट्टा या इटालियन शब्दात आहे. प्रतिष्ठितांचे विडंबन हे या कलाप्रकाराचे मूळ लक्षण होय. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन यांच्या इंग्रज नटींच्या संचाने न्यूयॉर्कमध्ये पुराणकथेचे विडंबन सादर केले. पुढे अमेरिकेत देहप्रदर्शनाला महत्त्व आले व विडंबन मागे पडले. महाराष्ट्रात या प्रकाराशी जवळचे नाते सांगणारी कला म्हणजे तमाशा होय.

स्वरूप : गण, गौळण, बतावणी व वग ही तमाशाची प्रमुख अंगे आहेत. गणात गणेशाला वंदन होते आणि लगेच गौळणीत देवाचीच थट्टा आरंभते. मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडविणाऱ्या कृष्णाशी पुरुष नटाने रंगविलेली मावशी हुज्जत घालते. वगात सोंगाड्या राजसत्तेची खिल्ली उडवितो. लावणीतील शृंगार मात्र नऊवारी नेसूनच, नजर, मान व हात यांच्या अदाकारीतून प्रकटतो. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने हेच विडंबन शहरी रंगमंचावर रुजविले.

प्रवेशाचे मार्ग : मुंबई उपनगरातील अभ्यासकास मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातील लोककला अकादमीत या कलांचे औपचारिक शिक्षण घेता येते. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह व मुलुंडचे कालिदास नाट्यगृह येथे होणारे लोककलांचे प्रयोग पाहणे ही दुसरी पायरी होय. प्रत्यक्ष शिकताना प्रथम ढोलकीचा ठेका कानात बसवावा, नंतर लावणीच्या शब्दांचा अर्थ उलगडावा आणि मगच पायांत घुंगरू बांधावेत. अर्थ न समजता केलेल्या नृत्यात केवळ हालचाल उरते. बतावणीसाठी हजरजबाबीपणा लागतो; तो सोबतीच्या नटाबरोबर वारंवार संवाद करूनच अंगी बाणतो.

निष्कर्ष : महाविद्यालयीन मंचावर लावणी करणाऱ्या विद्यार्थिनीस पारितोषिक मिळते, तीच लावणी फडावर करणारी स्त्री मात्र समाजाच्या दूषणास पात्र ठरते. विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला, तरी २००२ मध्ये निधन होण्यापूर्वीचा त्यांचा काळ आर्थिक विवंचनेत गेला. त्यामुळे महाविद्यालयांनी केवळ कला उचलून न घेता परंपरागत कलावंतांना गुरू म्हणून, योग्य मानधन देऊन पाचारण करावे. शिकणाऱ्याचा या कलेतील खरा प्रवेश तेथूनच सुरू होतो.