ओळखीपाळखी नसताना फ्रीलान्सरने काम कसे मिळवावे?

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमधील शिक्षणानंतर भारतात परतले. बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागली. घर चालवण्यासाठी त्यांनी मुंबईत शिकवण्या घेतल्या आणि शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद करावा लागला.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हाही हाच अनुभव आला. मुंबईत बॅरिस्टरकडे मोठी कामे सॉलिसिटरमार्फत येत आणि सॉलिसिटर त्यांच्याकडे फिरकत नव्हते. मग त्यांनी जिल्हा न्यायालयांतील कामे घेतली. जोडीला १९२५ पासून अकाउंटन्सीच्या एका संस्थेत अर्धवेळ शिकवले. १९२६ मध्ये पुण्यातील ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेच्या गाजलेल्या खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू लढवली, आरोपी निर्दोष सुटले आणि वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

आज फ्रीलान्सिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींची अडचण या दोन प्रसंगांत जवळजवळ पूर्ण आली आहे. नोकरीत जाहिरात निघते, परीक्षा होते, मुलाखत होते. फ्रीलान्सिंगमध्ये यातले काहीच नसते. काम बहुतेक वेळा ‘माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे’ या वाक्यातून मिळते. ज्याचे काका बिल्डर आहेत, मामाचे हॉस्पिटल आहे, त्याला पहिले तीन क्लायंट घरातच मिळतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात लॅपटॉपवर काम करणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून आपल्याला ओळखीच्या जागी दुसरे काहीतरी उभे करावे लागते. ते म्हणजे दाखवता येईल असे काम. ते कसे उभे करायचे, कोणाला दाखवायचे आणि त्याचे पैसे कसे घ्यायचे, ते क्रमाने पाहू. उदाहरणासाठी नांदेडमधला एक ग्राफिक डिझायनर समजू. भाषांतर, व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट, फोटोग्राफी किंवा अकाउंट लिहिणाऱ्यालाही हेच लागू पडते.

आधी एका वाक्यात सांगता आले पाहिजे

‘मी सर्व प्रकारचे डिझाइन करतो’ असे सांगणारा माणूस कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘मी दवाखान्यांसाठी मराठीतून माहितीपत्रके आणि सोशल मीडियाच्या पोस्ट करतो’ असे सांगणारा लक्षात राहतो. डॉक्टरांच्या गप्पांत विषय निघाला की त्याचे नाव पुढे येते. सुरुवातीला एक-दोन प्रकारचेच क्लायंट ठरवा: दवाखाने, कोचिंग क्लास, शेतमालावर प्रक्रिया करणारे उद्योग, पतसंस्था. दुसरे काम आले तर नाकारू नका, पण स्वतःची ओळख करून देताना एकच गोष्ट सांगा.

पोर्टफोलिओ: तीन कामे पुरतात

नवीन मुले म्हणतात, ‘अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही.’ पण जयंतीचे बॅनर, वाचनालयाचे पत्रक, मित्राच्या दुकानाचा बोर्ड, परिसरातील व्याख्यानमालेच्या पोस्ट हे सगळे कामच आहे. फक्त ते फोनच्या गॅलरीत पडून असते.

त्यातली सर्वांत चांगली तीन निवडा आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी लिहा. समोरच्याची अडचण काय होती, तुम्ही काय केले, त्याचा काय उपयोग झाला. नुसत्या वीस चित्रांपेक्षा या ओळी जास्त बोलतात, कारण क्लायंट त्यात स्वतःची अडचण शोधत असतो. ज्या क्षेत्रात काम हवे आहे त्यातला नमुना नसेल तर स्वतःच एक तयार करा, मात्र तो सरावासाठी केला आहे असे स्पष्ट लिहा. खोटा अनुभव एकदा उघडा पडला की गावात पुन्हा उभे राहता येत नाही.

हे सगळे बिहान्सवर किंवा एका पीडीएफमध्ये ठेवा. पीडीएफ व्हॉट्सॲपवर सहज उघडेल इतकी हलकी हवी, कारण तुमचा क्लायंट ती फोनवरच पाहणार आहे.

क्लायंट कुठे शोधायचे?

पहिला मार्ग आपल्याच शहरात आहे. वहीत पन्नास नावे लिहा. नांदेडचा आपला डिझायनर दवाखान्यांपासून सुरुवात करील. गुगल मॅपवर दवाखाने शोधून कोणाचे पान अर्धवट आहे, कोणाचे फोटो जुने आहेत, हे तो नोंदवील. मग प्रत्येकाला वेगळा संदेश. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर तो वाचलाही जात नाही. संदेश साधारण असा असावा:

‘नमस्कार डॉक्टर. मी नांदेडमध्येच राहतो आणि दवाखान्यांसाठी मराठीतून माहितीपत्रके करतो. तुमच्या दवाखान्याचे गुगलवरचे पान पाहिले. त्यावर वेळ दिलेली नाही आणि रूट कॅनलबद्दल काही माहिती नाही. पेशंटला समजेल असा एक छोटा नमुना तयार करून सोबत जोडला आहे. या आठवड्यात दहा मिनिटे भेटता येईल का?’

यात ‘मला काम द्या’ असे कुठेही नाही. समोरच्याचे काय अडले आहे ते पाहून बोललेले आहे. उत्तर आले नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग थांबा. पन्नासांपैकी बहुतेक जण उत्तर देणार नाहीत, हे धरूनच चाला. तो तुमचा अपमान नसतो.

दुसरा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे काम आधीच येते अशी माणसे: छापखाने, फ्लेक्सवाले, छोट्या जाहिरात एजन्सी, वेबसाइट बनवणारे. त्यांच्याकडे कधीकधी हाताला माणूस नसतो. दर कमी मिळतो, पण काम सतत मिळते आणि धंद्याची रीत कळते.

तिसरा मार्ग अपवर्क, फायवर यांसारख्या प्लॅटफॉर्मचा. तिथे परदेशी क्लायंटपर्यंत पोहोचता येते, पण खर्च समजून उतरा. फायवर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापून घेते. अपवर्कवर बोली लावण्यासाठी ‘कनेक्ट्स’ खर्च करावे लागतात आणि फीही कापली जाते. स्पर्धा जगभरातल्या लोकांशी असते. सुरुवातीचे काही महिने रिकामे जाऊ शकतात, म्हणून स्थानिक काम सोडून त्यावर विसंबू नका. काम देण्याआधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा क्लायंट फसवणारा आहे, असे समजून तिथेच थांबा.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे जुना क्लायंट. काम संपले की दोन गोष्टी मागा: दोन ओळींचा लेखी अभिप्राय आणि ‘तुमच्या ओळखीत अजून कोणाला अशी गरज आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर. ओळखी वारशाने मिळाल्या नाहीत, तर त्या अशा एकेक करून जोडाव्या लागतात.

दर कसा ठरवायचा?

‘बाजारात लोगो पाचशेला मिळतो’ या वाक्याने घाबरून दर ठरवू नका. आधी स्वतःचा हिशेब मांडा. समजा घरखर्चाला २०,००० रुपये लागतात. लॅपटॉपचा हप्ता, इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअर यांचे ५,०००. आजारपण आणि रिकाम्या महिन्यासाठी बाजूला ५,०००. एकूण ३०,०००. महिन्यात २४ दिवस काम केले तरी त्यातले निम्मे क्लायंट शोधण्यात, भेटीत, दुरुस्त्यांत आणि पैशांच्या मागे लागण्यात जातात. पैसे मिळतील असे दिवस उरतात १२. म्हणजे एका दिवसाचा दर २,५०० रुपये झाला.

लोगोला तीन दिवस लागत असतील तर किंमत ७,५०० रुपये होते. तोच लोगो १,५०० ला केला तर रोज ५०० रुपये पडला. बांधकामावरच्या बिगाऱ्याला अनेक ठिकाणी यापेक्षा जास्त मिळतात. क्लायंटला परवडत नसेल तर दर पाडू नका, काम कमी करा: तीन पर्यायांऐवजी एक, पाच पोस्टऐवजी दोन.

निम्मी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी आणि उरलेली अंतिम फाइल देण्यापूर्वी घ्या. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तेही आधीच सांगा.

‘समाजाचं काम आहे, करून दे ना भाऊ’

हा विषय टाळून चालणार नाही. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर जवळ आले की आपल्या डिझायनर मुलांचे फोन वाजू लागतात. मंडपवाल्याला पैसे मिळतात, साउंडवाल्याला आगाऊ मिळतात, फ्लेक्स छापणाराही उधारी ठेवत नाही. रात्रभर जागून डिझाइन करणाऱ्या मुलाला मात्र ‘जय भीम’ मिळतो. हे वर्षानुवर्षे चालते आणि घरचे म्हणतात, हा दिवसभर कॉम्प्युटरवर असतो पण कमवत काहीच नाही.

चळवळीला वेळ द्यावा, पण हिशेबाने. वर्षात किती कामे मोफत करणार हा आकडा आधीच ठरवा, समजा तीन. त्या तीन कामांचेही बिल करा, पूर्ण रक्कम लिहा आणि खाली ‘देणगी म्हणून माफ’ असे नोंदवा. संस्थेला तुमच्या कामाची किंमत कळते. बदल्यात संस्थेच्या लेटरहेडवर शिफारसपत्र घ्या आणि पत्रकावर खाली बारीक अक्षरात आपले नाव टाका. चौथ्या कामाला सवलतीचा दर सांगा, संकोच करू नका.

कार्यकर्त्यांनाही विनंती आहे. जयंतीच्या अंदाजपत्रकात डिझाइन, फोटो आणि व्हिडिओचा वेगळा रकाना ठेवा. आपल्याच मुलाला रीतसर दिलेले पाच हजार रुपये हे त्याच्या पोर्टफोलिओतले पहिले पगारी काम असते.

आडनाव आडवे आले तर?

बोलणे चांगले चाललेले असते, मग आडनाव किंवा राहण्याची वस्ती विचारली जाते आणि नंतर फोन उचलला जात नाही. प्रत्येक नकारामागे जातच असते असे नाही, पण कधीच नसते असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांचा व्यवसाय याच कारणाने मोडला होता. व्यवसायाच्या दृष्टीने यावर तीन उपाय आहेत. एक, कोणत्याही एका क्लायंटकडून एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न येऊ देऊ नका, म्हणजे तो तुटला तरी घर चालेल. दोन, पैसे टप्प्याटप्प्याने घ्या, म्हणजे मध्येच संबंध तोडले तरी केलेल्या कामाचे बुडणार नाहीत. तीन, व्यवसायाच्या नावाने काम करायला हरकत नाही. सगळेच धंदेवाले तसे करतात, त्यात स्वतःला लपवणे नाही. पण जयंतीचे काम पोर्टफोलिओतून काढून टाकायचे की ठेवायचे, हे भीतीने ठरवू नका. काम उत्तम असेल तर ते ठेवा.

कागद पक्का ठेवा

काम व्हॉट्सॲपवर ठरले तरी काय काम, किती रक्कम, कोणत्या तारखेला पैसे, हे लिहून समोरच्याचा होकार घ्या. त्यानंतर उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर पूर्ण मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. लेखी मुदत ठरली नसेल तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली हवी.

नोंदणीत सामाजिक प्रवर्गही नोंदवा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांच्या वार्षिक खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धही त्यात येतात.

कंपनीने बिलातून टीडीएस कापला तर घाबरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून, कर लागत नसल्यास, परत मिळतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते.

या आठवड्यात काय कराल?

सोमवारी आपले एक वाक्य लिहा. बुधवारपर्यंत तीन कामांची पीडीएफ तयार करा. शुक्रवारी पन्नास नावांची यादी आणि रविवारच्या आत पहिले पाच संदेश. पहिले काम लहान असेल. बाबासाहेबांनीही हायकोर्टातील सॉलिसिटरची वाट पाहत बसण्याऐवजी जिल्ह्याच्या कोर्टातील कामे घेतली होती. ते काम चोख करा, वेळेवर द्या आणि त्याचे पूर्ण पैसे घ्या. मग पुढच्या वेळी ‘माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे’ असे कोणीतरी म्हणेल, तेव्हा तो मुलगा किंवा ती मुलगी तुम्ही असाल.