गणिताचा जिना : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ते विद्यापीठ

महाराष्ट्रात ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटले की अकरावी-बारावीचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत याच नावाने सुरू झालेली संस्था मात्र बारावीनंतरची आहे. तेथील पदवी चार वर्षांची असते. तिची पहिली दोन वर्षे घराजवळच्या, कमी शुल्काच्या सार्वजनिक महाविद्यालयात पूर्ण करायची आणि नंतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, असा एक मार्ग तेथे शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. या महाविद्यालयांना आज ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारा विद्यार्थी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

या मार्गाचा विचार येथे गणित या एका विषयाच्या आधारे करावयाचा आहे. कारण हा मार्ग सर्वाधिक वेळा गणितापाशीच तुटतो. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, गणिताचा नव्हे. परंतु कोणत्या समाजाला कोणत्या ज्ञानापर्यंत पोहोचू दिले गेले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

अमेरिकेतील आजवर अखंड चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची ती कल्पना. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे सहा. हार्पर यांच्या मते पदवीची पहिली दोन वर्षे स्वभावतः शालेय शिक्षणाला जवळची असतात. ती अन्यत्र शिकवली गेली तर विद्यापीठाला उच्च अध्ययनाकडे आणि संशोधनाकडे पूर्ण लक्ष देता येईल. म्हणजे या संस्थेच्या जन्मातच दोन हेतू एकत्र आले होते. गावातल्या मुलांना उच्च शिक्षण जवळ आणणे हा एक, आणि विद्यापीठाच्या दारातली गर्दी कमी करणे हा दुसरा. हे दोन्ही हेतू पुढील सव्वाशे वर्षे एकमेकांशी झगडत आले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला. दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र त्याचा लाभ फारच कमी आला, कारण त्याची अंमलबजावणी स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने बारावीनंतरची दोन वर्षे सर्वांसाठी विनाशुल्क करावीत अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नावही त्या अहवालामुळेच रूढ झाले. १९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आपली बृहत् योजना मंजूर केली. शालेय गुणवत्तेत वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालये, आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांची महाविद्यालये, अशी तिची मांडणी होती. तळाच्या संस्थेतून वरच्या संस्थेत जाण्याची वाट खुली राहील, हे तिचे अभिवचन होते.

त्याच १९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजे येथील अशाच एका महाविद्यालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाची आकांक्षा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची आकांक्षा तेथे चाचण्या, समुपदेशन आणि पूर्वतयारीचे वर्ग यांच्या मार्गाने हळूहळू थंड केली जाते; त्याला कोणी हाकलून देत नाही, आपण होऊन मागे फिरावे अशी परिस्थिती निर्माण होते, असा त्याचा निष्कर्ष होता. दार बंद करून ज्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले, त्या समाजाला हा प्रकार समजण्यास वेळ लागू नये. उघड्या दाराआडही अडसर असू शकतो.

मात्र या महाविद्यालयांनी घडवलेली माणसेही लक्षात ठेवली पाहिजेत. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची भेट ओकलंड येथील मेरिट कॉलेज या कम्युनिटी कॉलेजात झाली. १९६६ मध्ये त्यांनी ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन केली, आणि १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव तेथूनच घेतले. न्यूटन पुढे सांता क्रूझ येथील विद्यापीठातून पदवीधर झाले आणि १९८० मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. आपल्या चळवळीच्या इतिहासात एका कम्युनिटी कॉलेजचा असा दूरचा धागा आहे.

आता गणिताकडे वळू. गणितात पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दोन वर्षांत साधारणपणे कॅल्क्युलसचे तीन भाग, रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे हे विषय पूर्ण करावयाचे असतात. दोन वर्षे म्हणजे चार सत्रे. पहिल्या सत्रात कॅल्क्युलसचा पहिला भाग, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा आणि त्याबरोबर रेषीय बीजगणित, चौथ्यात अवकल समीकरणे, असा हा क्रम आहे. इतिहासात पेशवाई आधी वाचून सातवाहन नंतर वाचता येतात. गणितात तशी सोय नाही. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते. त्यामुळे पहिल्या दिवशी विद्यार्थी कोणत्या वर्गात बसतो, यावर त्याची दोन वर्षे होणार की चार, हे बरेचसे ठरून जाते.

बहुसंख्य विद्यार्थ्यांना पूर्वी पहिल्याच दिवशी कॅल्क्युलसच्या वर्गात जागा मिळत नसे. प्रवेशाच्या वेळी एक छोटी चाचणी होई आणि तिच्या गुणांवरून अंकगणित, प्राथमिक बीजगणित, माध्यमिक बीजगणित अशा पूर्वतयारीच्या वर्गांत त्यांना बसवले जाई. या वर्गांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. शुल्क आणि वेळ मात्र पूर्ण लागे. हेतू चांगला होता. परिणाम काय होत असे, हे एका काल्पनिक हिशेबावरून पाहू.

समजा, १०० विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन पातळीच्या तीन पायऱ्या खाली बसवले. प्रत्येक वर्गात शंभरांपैकी ७० उत्तीर्ण होतात, आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या सत्रात पुन्हा नाव नोंदवतात. उरलेल्यांना नोकरीच्या वेळा, घरचे आजारपण, प्रवासाचा खर्च आडवा येतो. पहिल्या वर्गातून ७० उत्तीर्ण होतील, ५६ पुढे जातील. दुसऱ्यातून ३९ उत्तीर्ण होतील, ३१ पुढे जातील. तिसऱ्यातून २२ उत्तीर्ण होतील, त्यांतील १७-१८ जण महाविद्यालयीन पातळीच्या पहिल्या वर्गात पोहोचतील, आणि तो पार करतील सुमारे १२. एकाही वर्गाचा निकाल वाईट नाही. कोणी शिक्षक कामचुकार नाही, कोणी विद्यार्थी मठ्ठ नाही. तरीही शंभरांतले अठ्ठ्याऐंशी वाटेत गळाले. ही गळती जिन्याच्या लांबीने केली; आणि तिचा दोष मात्र प्रत्येक जण स्वतःच्या बुद्धीला देत घरी गेला.

हे ध्यानात आल्यावर कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून महाविद्यालयांची पद्धत बदलली. विद्यार्थ्याला एका चाचणीवरून खाली न ढकलता त्याचे शालेय गुण विचारात घ्यावेत आणि विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणिताचा वर्ग त्याला एका वर्षाच्या आत पूर्ण करता येण्याची शक्यता जास्तीत जास्त वाढेल अशी व्यवस्था करावी, असे बंधन महाविद्यालयांवर आले. ज्याची तयारी कमी आहे, त्याला त्याच वर्गाबरोबर जादा तास मिळू लागले. या बदलावर मतभेद आहेत. पाया कच्चा असलेल्या मुलाला थेट वरच्या वर्गात बसवल्यास तो तेथे नापास होईल, अशी भीती अनेक अनुभवी शिक्षक व्यक्त करतात, आणि ती निराधार नाही. परंतु आधार वर्गाच्या आत द्यावा की वर्गाबाहेर ताटकळत ठेवून द्यावा, हा प्रश्न या निमित्ताने ऐरणीवर आला, ही मोठीच गोष्ट होय.

दुसरी अडचण श्रेयांकांची. कॅलिफोर्नियात पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात. त्यांतील सुमारे ६० कम्युनिटी कॉलेजात मिळवता येतात. राज्यातील रहिवाशांना तेथे एका श्रेयांकास ४६ डॉलर शुल्क पडते. विद्यापीठाच्या तुलनेत ते फारच कमी आहे. परंतु महाविद्यालयात शिकलेला विषय विद्यापीठाने मान्य केलाच नाही, तर तोच विषय पुन्हा, महागड्या दराने शिकावा लागतो. यासाठी दोन्ही संस्थांमध्ये समकक्षतेचे लेखी करार असतात. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदली धरला जातो, हे कोणालाही पाहता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊ पदवी-परिसरांपैकी सहा परिसर ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची हमीही देतात. ज्याच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला असा लेखी नकाशा लाखमोलाचा असतो. कारण सुखवस्तू घरातील मुलाला जी माहिती जेवणाच्या ताटावर मिळते, ती त्याला कोणीच सांगत नाही.

तिसरी अडचण विद्यापीठात पोहोचल्यावर सुरू होते. पहिल्या दोन वर्षांचे गणित मुख्यतः आकडेमोडीचे असते. तिसऱ्या वर्षी गणितीय विश्लेषण आणि अमूर्त बीजगणित येते, आणि तेथे सिद्धता मागितली जाते. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे ३ + ५ = ८ असे दाखवून सिद्ध होत नाही; हजार उदाहरणांनीही होत नाही. कोणतीही विषम संख्या २म + १ अशी लिहिता येते. म्हणून दोन विषम संख्या २म + १ आणि २न + १ घेतल्या, तर त्यांची बेरीज २(म + न + १) होते, आणि ती दोनने भाग जाणारी असते. आता विधान सर्वच विषम संख्यांसाठी सिद्ध झाले. उत्तर काढणे आणि ते का खरे आहे हे सांगणे, यांतले हे अंतर आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे गुण पहिल्या सत्रात घसरतात, त्याचे एक कारण हे अंतर. दुसरे कारण एकटेपणा. त्याच्या वर्गातील इतरांच्या ओळखी, अभ्यासगट, प्राध्यापकांशी संवाद दोन वर्षांत जमलेला असतो. हा अर्ध्या वाटेत येतो.

एकटेपणाविषयी युरी ट्रीझमन या गणिताच्या अध्यापकाने बर्कली येथे १९७० च्या दशकात केलेले निरीक्षण मोलाचे आहे. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात, हे शोधण्यासाठी त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, त्यांच्या घरी शिक्षणाची ओढ होती. परंतु ते एकटे अभ्यास करीत. चिनी विद्यार्थी आधी स्वतंत्र आणि मग एकत्र बसून उदाहरणे सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. ट्रीझमन यांनी मग उपचारात्मक वर्ग काढला नाही. त्यांनी अवघड उदाहरणे एकत्र सोडवण्याची कार्यशाळा सुरू केली, आणि तिच्यातील विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

या जिन्यावरून स्वतः चढलेला आणि इतरांना चढवणारा शिक्षक म्हणून हायमे एस्कलांते यांचे नाव घ्यावे लागेल. बोलिव्हियात ते भौतिकशास्त्र आणि गणित शिकवीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत आल्यावर त्यांची पात्रता तेथे ग्राह्य धरली गेली नाही. त्यांनी उपाहारगृहात फरशी पुसण्याचे काम केले, पॅसाडीना सिटी कॉलेजात शिक्षण घेतले आणि नंतर लॉस एंजेलिस येथील राज्य विद्यापीठातून गणिताची पदवी मिळवली. १९७४ पासून ते पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिकवू लागले. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी प्रगत कॅल्क्युलसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, तेव्हा गरीब मेक्सिकन वस्तीतील मुलांना हे कसे जमले, अशी शंका घेऊन त्यांतील १४ जणांवर नक्कल केल्याचा संशय घेण्यात आला. बारा जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. वंचितांच्या यशाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती एका देशापुरती नसते.

त्याच वर्षी बॉब मोझेस यांनी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. १९६० च्या दशकात मिसिसिपीत जीव धोक्यात घालून कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करणारा हा कार्यकर्ता पुढे आयुष्यभर मुलांना बीजगणित शिकवत राहिला. पूर्वी मताधिकाराला जे महत्त्व होते तेच आजच्या अर्थव्यवस्थेत गणिताच्या ज्ञानाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. गणिताचे अज्ञान हे त्यांच्या लेखी नागरिकत्वाचे उणेपण होते.

एवढे सारे होऊनही कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थीच विद्यापीठात पोहोचतात, आणि सहा वर्षांच्या आत पदवी घेतात ते त्यांतलेही जेमतेम निम्मे. म्हणून हा मार्ग आदर्श म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. त्यातून घेण्याजोगा बोध असा की, प्रवेश देणे ही समतेची पहिली पायरी आहे. पुढच्या प्रत्येक पायरीची उंची कोणी तरी मोजत राहिले पाहिजे.

आपल्या वसतिगृहातील अनेक मुले-मुली दहावीनंतर पदविकेला जातात. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्यावर ‘एम-थ्री’चा पेपर त्यांच्यासमोर उभा राहतो, आणि शेजारी बसलेल्यांनी बारावीचे तसेच पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेले असते. ही मुले हुशारीत कमी नसतात. त्यांच्या जिन्यातील दोन पायऱ्या बांधलेल्याच नसतात. त्या बांधणे आपल्या हातात आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेत गणितासाठी चार-चार जणांचे गट करावेत. प्रत्येक उत्तरापुढे ‘का?’ असे लिहून ते शब्दांत मांडण्याची सवय आठवीपासून लावावी. पदविका करून अभियांत्रिकीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस येऊन नव्याने जाणाऱ्यांना कॅल्क्युलसचा पाया शिकवावा, आणि कोणता कागद कोठे लागतो, कोणती शिष्यवृत्ती कधी मागायची, हेही सांगावे. त्याला खर्च फारसा नाही. फळा आहे, खोली आहे, मुले आहेत. वर पोहोचलेल्यांनी सुट्टीतले पंधरा दिवस तेवढे काढावेत.